पायाळू बायको

वडील वारल्यावर त्यांची उरलेली औषधं परत द्यायला मी बोईसरच्या दवाखान्यात गेले होते. शेजारच्या बाकावर तारापूरच्या बांधकामावरचा एक फिटर आणि त्याची बायको बसली होती.

"नीट टेकून बसा की."

"टेकलं की पाठीच्या मधोमध कळ येते."

"मग फिरवा अजून मुगदल! पोरांसमोर ताकद दाखवायला कोणी सांगितलं होतं?"

"पावसाळ्यापासून तेच ऐकतोय, रंभा."

"दुखणं जाईपर्यंत ऐकवीन. मी पायाकडून जन्मलेली. कुणाच्या पाठीत उसण भरली की अख्खी चाळ माझी लाथ खायला येते. परवा झुंबरभाऊजी हसत कामावर गेले. आणि माझाच नवरा मनोरला जाऊन परक्या पायाळूच्या लाथा खातो!"

"आईला चालत नाही. बायकोनं नवऱ्याला पाय लावायचा?"

"सासूबाई गावी आहेत. तुम्हाला चालत नाही, असं म्हणा."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. फोरमन उद्या कामावरून काढेल, तेव्हा काय सांगणार? बायकोच्या पायाची लाज वाटली म्हणून?"

"बरं बाई. आज घरी गेल्यावर मार. पण दार लावून घे."

"दार लावून?"

"मग काय, चाळीला दाखवायचंय?"

"हो. चाळीतले सगळे उघड्या दारात पालथे पडतात. तुम्हीही तसेच पडा. नाहीतर माझा पाय मिळणार नाही."

कंपाउंडरनं नाव पुकारलं. तो भिंत धरून एकटाच उठला.