पेशंट उपाशी आहे

...आणि वर सगळे मलाच सांगतात, अहो, जावई आहात, समजावा त्यांना, विकायला लावा ती गाडी. मी समजावू? आमच्या सासूबाईंना? चंद्रभागाबाई म्हणजे, तुम्हाला सांगतो, आयुष्यभर नर्स, निवृत्त झाल्या त्या मेट्रन म्हणून, आणि ही पांढरी गाडी अठ्ठ्याण्णव साली त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली, सासरे शेजारी बसून नुसती काच खालीवर करायचे... त्यांच्यासमोर गाडी विकायची भाषा म्हणजे वॉर्डात बिडी पेटवणं.

पण गाडी बंद पडायची हो. सुरू व्हायची झकास, थोडं अंतर जायची, मग आचके, मग गप्प. जरा थांबलं की पुन्हा सुरू. गॅरेजवाल्या रणजितने पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, मग हात पुसत म्हणाला, "आजी, आता फक्त मालक बदलायचा राहिलाय." आणि मेहुणा शुभंकर, खराडीला आयटीत, त्याने तर भंगारवाल्याला सोमवार देऊनसुद्धा टाकला. "आई, बी प्रॅक्टिकल. इंजिन गेलंय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "इंजिन ठणठणीत आहे. पेशंट उपाशी आहे."

उपाशी? टाकी काठोकाठ भरलेली आणि पेशंट उपाशी? पण विचारणार कोण...

रविवारी लोणी काळभोरला त्यांच्या जुन्या नर्स मैत्रिणी जमणार होत्या आणि बाईंनी सगळ्यांना कळवलेलं, मी माझ्या गाडीने येतेय. वाघोलीहून निघालो, बाई स्टिअरिंगवर, मी शेजारी, शुभंकर मागे बसून आधीच मोबाइलवर कॅब शोधतोय, केसनंद गेलं, आणि थेऊरच्या अलीकडे आचके... गप्प. मागचा ट्रॅक्टरवाला उतरून आला. "मावशी, धक्का देऊ का? म्हातारी हाय गाडी."

"मीही म्हातारी आहे. मला देतोस का धक्का?"

तो गेला. पण तुम्हाला सांगतो, त्यांचा हात काही स्टिअरिंगवरून निघेना. मैत्रिणींसमोर कॅबमधून उतरायचं आणि उद्या ही भंगारात जाणार... मला दिसत होतं. मग एकदम मागे वळल्या, वॉर्डातला आवाज. "शुभंकर, पेशंटला हा त्रास कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

"दिवाळीत नवीन काय दिलंस त्याला?"

"मी कशाला काय देऊ... हां, ते पेट्रोलचं झाकण. किल्लीवालं. पार्किंगमध्ये चोरी व्हायची ना, म्हणून ऑनलाइन मागवलं. एकदम एअरटाइट."

बाईंनी डोळे मिटले. "एअरटाइट," म्हणाल्या. "संजयराव, झाकण उघडा."

मी किल्ली फिरवली आणि फुस्सऽऽ... टाकीने असा श्वास ओढला, जणू कधीची पाण्याखाली होती. बाई म्हणाल्या, "काचेच्या बाटलीतून सलाइन लावायचो, तेव्हा बाटलीला हवेची सुई टोचावी लागायची. नाहीतर बाटली भरलेली आणि थेंब बंद. पेट्रोल गेलं, त्या जागी हवा नको यायला? म्हणून म्हणत होते, पेशंट उपाशी आहे."

झाकण सैल ठेवलं, बाईंनी चावी फिरवली, एका झटक्यात सुरू. "शुभंकर, जुनं झाकण माळ्यावर आहे, घरी गेल्यावर काढ. आणि त्या भंगारवाल्याला आत्ता फोन लाव. सांग, पेशंटला डिस्चार्ज मिळाला."

लोणीत मैत्रिणी फाटकातच उभ्या. "चंद्रा, अजून हीच गाडी?" बाई म्हणाल्या, "हीच." बस, एवढंच. पण हनुवटी काय वर गेली म्हणता! सलाइनची गोष्ट मात्र सगळ्यांना मी सांगितली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही, जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा. का नाही सांगायची? सासू कोणाची आहे?

तर आता दर रविवारी बाई आम्हाला फिरवतात. चाळीसच्या वर नेत नाहीत, एसी नाही, गाणी लावायची नाहीत. आणि पूर्वी कसं, निदान वाटेत बंद पडायची, उतरून रिक्षा करता यायची... आता तीही सोय राहिली नाही.