माफीचा मसुदा

नायगावच्या बसस्टॉपवर पेडणेकरांच्या पुढे एक ताठ गृहस्थ बायकोसोबत उभे होते. बायको त्यांना झापत होती. पेडणेकरांनी कान तेवढे पुढे सरकवले.

"वीस वर्षं पलटणीत, बारा वर्षं सरकारी खात्यात. आता मदतसंस्थेचे प्रमुख होऊन महिना नाही झाला, तर सगळी स्वयंसेवक पोरं पळवून लावलीत!"

"पूरग्रस्तांना वाढताना गप्पा मारत होती. मी फक्त ओरडलो."

"उद्या तांदळाची गाडी निघायचीय. वाटणार कोण? माफी मागा."

"लिहिलीय की. ऐक. 'विषय: दिलगिरीबाबत. उपरोक्त विषयान्वये अधोस्वाक्षरीकर्ता दिलगीर आहे. आपण रुसल्याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'"

"अहो, माफी मागताय की मेमो देताय?"

"मसुदा सुधारता येईल."

"फाडा तो. श्रेयाला फोन लावा, ती रडत गेली होती."

"काय बोलू?"

"माझ्याशी भांडल्यावर काय बोलता?"

"काही नाही. गुपचूप चहा करतो."

"मग तेच सांगा तिला."

"हॅलो, श्रेया? मी बोलतोय. नाही, ऑर्डर नाही गं. उद्या सकाळी सगळ्यांना चहा मी करणार आहे... तुला साखर किती?"

बस आली. पेडणेकर चढले नाहीत. साखर किती, ते अजून कळायचं होतं.