सॉरी म्हंजे काय

न्हाई न्हाई, तसं पाठ नको करूस — आरतीच ना गं नाव तुझं? मी गुणाबाई — सॉरी म्हंजे नुस्तं 'माफ करा' न्हाई. बस इकडं. देगलूरची बस आल्याबिगर शकिला मॅडम इंग्रजी शिकवाया यायच्या न्हाईत. मलाबी तसंच वाटायचं, कुनी सॉरी म्हनलं की आपन नो प्रॉब्लेम म्हनायचं — ह्याच बाकावर बसून घोकलं म्या. ह्या वयात कशाला? आख्खं मुखेड हसतंय, हसू दे. माझा सत्यम डाक्टरकी शिकायला फिलिपिन्सला होता. हितं नंबर लागला न्हाई, म्हून तिकडं धाडला. ज्या बाईच्या घरी ऱ्हायचा ती लिझा. व्हिडिओवर हात हलवायची, मीबी हलवायचे. म्हनलं, लेकराला जेवू घालती, तिच्याशी दोन शब्द आपले आपन बोलावं — म्हून आले हितं.

अन् एक दिस तिचाच फोन. सत्यमचा निकाल लागायचा होता तवा. ती भरभर बोलून राहिली, मी शब्द येचून राहिले — सत्यम. मॉर्निंग. पास्ड. पास्ड! समजलं की गं मला, कुनाला न इचारता समजलं! मंग ती रडाया लागली. सॉरी म्हनली, आय ॲम सो सॉरी. मला वाटलं, निकाल उशिरा कळवला म्हून म्हनत आसंल. म्या म्हनलं, नो प्रॉब्लेम. थँक्यू. व्हेरी हॅपी. — अन् फोन ठिवला.

मालकानं पेढे आनले. शेजारच्या तुळजाबाईला दिले, गल्लीत वाटले, मॅडमच्या हातावर ठिवला. सांजंला अमरनाथचा फोन आला, सत्यमच्या खोलीतला पोरगा, परभणीचा. ताप डोक्यात गेला म्हनला. दवाखान्यात लिझाच बसली होती उशाशी. काकू, तिनं सांगितलं ना तुमाला? — म्हनला. काय सांगू त्याला? हाव, म्हनलं. सांगितलं.

खाली नको बघूस. तिकडं मरन तसंच सांगतेत. पास्ड.

मंग आता कशाला येते? — आता तर यायलाच पायजे ना बाई! शेवटाला तीच होती त्याच्यापाशी. पानी मागितलं का त्यानं? मला हाक मारली का? मारली आसंल तर मराठीत मारली आसंल, तिला काय समजनार — पन कानावर पडलं आसंल ना काही? अमरनाथ म्हनला, मी इचारतो. न्हाई म्हनलं. दुसऱ्याच्या तोंडून नको मला ते. प्रश्न समदे मॅडमनी बसवून घेतलेत माझ्याकडून. रोज फोन लावते अन् तिकडं वाजायच्या आत कापते. इचारता येतंय गं मला. पन ती जे सांगंल ते समजलं तर —

जिना वाजला. मॅडम आल्या. उठ, तुझ्या जाग्यावर जा. अन् डोळे पूस आधी.