वाणात शेकायची पिशवी

हॅलो?… कोण, प्रणाली? हो, हो, आजीच. अवं जोरात बोल… बोलवत नाही? बरं, पडून राहा बेटा. मीच सांगते. नर्मदामाईची शपथ, एकेक शब्द खरा!… हसू नको, टाके दुखतील… अच्छा, ऑपरेशन परवा आहे. माहीत आहे मला.

ऐक ना. आपल्या ओमती मोहल्ल्यात कुंदाकडे हळदीकुंकू होतं. बाया भरजरी नेसून हजर. अन् वाण काय? शेकायची रबरी पिशवी!… सच में! तिची सून क्षमा, ती बी तुझ्यासारखीच सोसून राहिली ना. तिनंच डॉक्टरीण बोलावली. बायांना वाटलं तिळगूळ घ्यायचा अन् घरी, तर ही मधात उभी! असं बोलली, असं बोलली, समोरच्या पोलीस ठाण्यातले पोलीस दारात येऊन ऐकत राहिले… अवं होते!

काय बोलली? गर्भाशयाच्या आत अस्तर असते ना, तसलंच बाहेर वाढते. आतड्यावर, कुठं बी. पाळी आली का तेही रक्त टाकते. जायला वाट नाही, मग आतलं सारं एकमेकाला चिकटते… हो, एंडो… तेच. जीभ वळत नाही माझी. सोनोग्राफीत बी कधी कधी दिसत नाही म्हणे. लग्नानं जात नाही, मूल झाल्यानं जात नाही… नाही बेटा, मग कोणी हसलं नाही. एक म्हातारी बोलली, "माझी नणंद दर महिन्याला अशीच लोळायची. विहिरीत गेली. आम्ही म्हटलं, डोकं फिरलं." तिळगूळ हातातच राहिला सगळ्यांच्या.

आई?… आली होती ना. रडली, ढसाढसा. चारचौघीत बोलली, "माझी पोरगी नाटक करत नव्हती."… हो… अवं, तू काहून रडून राहिली? काय?… तुलाच वाटून राहिलं होतं, का आपण नाटक करतो? नाही गं माय. फरशीवर पडून ओकणं कोणी नाटकात करते काय?

परवा?… येईल ना… म्हणजे, तिचे गुडघे… आता फोन देऊ? नको, झोपली… हो, सहाच वाजले… कुकरची शिट्टी? तीच आहे स्वयंपाकघरात… थांब. तिला नको लावू फोन. ऐक… अगं ऐक ना.

सारं खरं आहे. एकच गोष्ट मी जोडली… पोलीस नाही, पोलीस होतेच.

तुझी आई रडली नाही.

डॉक्टरीण उभी राहिली तशी ती उठली. "असल्या गोष्टी चारचौघीत?" म्हणे. वाणसुद्धा तिथंच टाकून आली… हो. तेवढंच बोलली… नाही, तुझं नाव नाही काढलं.

ऑपरेशन नको सोडू बेटा. ती मानो का न मानो, दुखणं तुझं खरं आहे… मी येते. सकाळचीच नागपूरची बस धरते. तिची पिशवी मी उचलली. दोन्ही आणते, एक पोटाला, एक कमरेला… शपथ आता काहून मानशील तू माझी.

प्रणाली?… हूं तरी म्हण… हॅलो?