किड्याचे बेचाळीस फोटो

विज्ञानाचा इतिहास घडतो तेव्हा जग श्वास रोखून उभं असतं. त्या दिवशी ते टपाल कचेरीच्या रांगेत उभं होतं, कारण खिडकीतले साहेब चहाला गेले होते. धान्यगोदामाच्या तपासनीस बाईंच्या पुढे एक नवराबायको पाकिटातला फोटो काढून बघत होते.

"कडेला धर. बोटं उमटतील."

"सव्वीस वर्षांत माझा एक फोटो धड काढला नाहीत, आणि या किड्याचे बेचाळीस?"

"तू हलतेस. हा मेलेला होता."

"पण बेचाळीस कशाला, अहो?"

"इतक्या जवळून सोंडेवर नेम धरला की पाठ धूसर येते, पाठीवर धरला की सोंड. म्हणून कॅमेरा केसभर पुढे सरकवायचा, एक फोटो, पुन्हा केसभर. मग प्रत्येकातला स्पष्ट तुकडा उचलून सगळे जोडायचे."

"आणि ज्यांना हा पाठवताय ते कीटकांचे प्राध्यापक काय म्हणाले?"

"म्हणाले, 'सोंड आणि ठिपके एकाच फोटोत दाखवा, मग नवी जात आहे का ते सांगतो.' नवी जात निघाली तर मी तुझं नाव सुचवणार."

"किड्याला माझं नाव?"

"कायमचं. जगभरच्या पुस्तकांत."

"सासरचं की माहेरचं?"

"तू म्हणशील ते."

"मग आईला आत्ताच फोन लावते. बाई, तुम्हीही बघा ना, किती देखणा आहे."

बाईंनी चष्मा लावला. सोंडेपासून बुडापर्यंत सगळं लख्ख होतं, पाठीवरचे चारही ठिपके.

"फोटो फार सुरेख आलाय," त्या म्हणाल्या.

मंगळवारीच त्यांनी याच किड्यांना मारायला गोदामातल्या सहाशे पोत्यांना धुरी दिली होती.