अकरा ग्रॅम काळ्या पावडरीबाबत

नाव : कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे, प्रयोगशाळेत सगळे ‘सिलिंडरमावशी’ म्हणतात. वय : ५७ वर्षे. धंदा : नोकरी, प्रयोगशाळा सहायक (भांडी धुणे व वायूचे सिलिंडर पाहणे). राहणार : कर्मचारी वसाहत, तळमजला, जिन्याशेजारची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी एकतीस वर्षे कामाला असून निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. आमच्या मोठ्या सरांनी सोमवारी तक्रार दिली आहे, की कुलूपबंद कपाटातली अकरा ग्रॅम पावडर चोरीला गेली व दुसरी किल्ली असलेल्या संशोधक मुलीवर त्यांचा संशय आहे. सदर मुलगी आज सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे. तिची तीन वर्षांची पदवी यावर अडली आहे.

पावडर कशाची, असे हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, ती उत्प्रेरक आहे. धुराड्यातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन एका तापलेल्या नळीतून सोडायचे, नळीत ही पावडर ठेवायची, आणि दुसऱ्या टोकाने जळणारा वायू, म्हणजे इंधन, मिळवायचे. पावडर स्वतः खर्च होत नाही, नुसती जुळवून देते. लग्न जुळवणाऱ्या बाईसारखी, असे मी म्हटले. ते लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले, पण मी म्हटले आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी जेवायला जाताना मी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बंद केला. खोलीतून शेवटी निघेल त्याने तो बंद करायचा, अशी आमच्याकडची शिस्त आहे. त्यावर ‘प्रयोग चालू, हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती, पण माझा चष्मा डब्याच्या पिशवीत होता. अडीच वाजता मुलगी आली. सिलिंडरचा काटा शून्यावर होता आणि संगणकावर इंधनाचा आलेख रोजच्याइतकाच वर.

मी म्हटले, ‘‘बाई गं, माझंच चुकलं.’’ ती रागावली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, चूल न पेटवता दूध उतू गेलं, तर चुलीचं कौतुक करायचं का?’’

बुधवारी व गुरुवारी तिने मुद्दाम सिलिंडर बंद ठेवून तेच केले. गुरुवारी संध्याकाळी आलेख उतरत उतरत तळाला गेला. पावडर बनवताना घातलेला चिकट पदार्थ पुरता जळालेला नव्हता. इंधन त्याचेच होत होते, कार्बन डायऑक्साइडचे नव्हे. तो संपला तसे इंधनही संपले.

शुक्रवारी तिने हे सरांना सांगितले. मी शेजारी भांडी पुसत होते. सर म्हणाले, ‘‘सोमवारी प्रयोग पाहायला समिती येतेय. तिच्यासमोर सिलिंडर उघडाच असेल, मग प्रश्न कुठे आला? वहीतलं पान फाड. मावशींनी गोंधळ घातला असं लिही.’’ मुलगी म्हणाली, ‘‘गोंधळ नाही, सर. तीन वर्षं आपल्याला सुचलं नाही ते मावशींनी केलं.’’ माझ्याबद्दल तिथे असे कोणी प्रथमच बोलले. मला फार बरे वाटले. त्याच दुपारी समितीचे पत्र आले, की पाच ग्रॅम पावडर समिती बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला नेईल.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सरांनी स्वतः एक बाटली माझ्या धुण्याच्या ट्रेमध्ये आणून ठेवली. लेबल खरवडलेले होते, आत काळी पावडर होती. म्हणाले, ‘‘धुऊन टाका.’’ एकतीस वर्षांत सरांनी स्वतःचा चहाचा कपसुद्धा उचललेला नाही. ट्रेमध्ये आलेल्या भांड्याला आम्ही प्रश्न विचारत नाही. मी बाटली धुतली.

सोमवारी चोरीचे ऐकून मी बाटलीची गोष्ट घरी सांगितली. जावई म्हणाले, ‘‘आई, तुम्ही त्या गावच्याच नाही असं राहा. चौदा महिने तर आहेत.’’ दोन दिवस मी तशी राहिले. त्याची मला लाज वाटते.

भांडी कधी न धुतल्यामुळे सरांना माहीत नसावे, की धातूची पावडर बेसिनात ओतायची नसते. धुण्याचे पाणी टाकाऊ कॅनमध्ये जाते. शनिवारी जुना कॅन भरला होता म्हणून मी नवा उघडला. त्यात दुसरे काही नाही. पावडर तळाशी बसली आहे. वर माझ्या अक्षरात तारीख, वेळ आणि ‘मोठ्या सरांची बाटली’ असे लिहिले आहे. कॅन मागच्या शेडमध्ये आहे. टाकाऊ माल नेणारी गाडी उद्या नऊला येते, त्याआधी तो ताब्यात घ्यावा.

हा जबाब हवालदारांनी मला दोनदा सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त चार ठिकाणी त्यांनी ‘आरोपी’ लिहिले होते, तिथे मी ‘मुलगी’ करून घेतले. खोडलेल्या प्रत्येक जागी माझी सही आहे.