हेल्मीच्या अंगात न सापडलेली चरबी

आज सगळ्यांत आधी कोण आलं, तर एल्विरा. दार उघडायच्या आत पायरीवर उभी, हातात वेलचीच्या गोड पावांची परात. मला म्हणते, भाषण तू करणार? मग हे गार होणार. असो. आमच्या ग्रामसभागृहाचे अध्यक्ष कालेर्वो, आज आपला निरोप घेणाऱ्या, व्यासपीठावरच्या सन्माननीय डॉक्टर इंकेरीबाई, त्यांच्या नर्स मिर्या, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून खिडकीला टेकलेल्या गावकऱ्यांनो, मी आउने. शाळा मला फारशी झालेली नाही. सभेच्या रीतीत चुकले तर अध्यक्षांनी घंटा वाजवावी, पण हळू. माझं काळीज आज तसंही ठिकाणावर नाही.

ही मंडळी हिवाळ्यात आली तेव्हा आपण काय काय बोललो, आठवतं? चरबी तपासायला एवढ्या बर्फातून कोण येतं? जाड्यांची लाज काढायला आले असतील, असंच वाटलं आपल्याला. मी तर गावातली सगळ्यांत भरदार बाई. माझ्या पोटातून सुईने चिमूटभर चरबी काढली, तेव्हा बाहेर बसलेले कालेर्वो म्हणाले, एवढीशीच का घेता, आउनेकडे भरपूर आहे. अध्यक्षमहाराज, मी विसरलेले नाही.

मग ती उपाशीपोटी रक्त द्यायची सकाळ. बाईंनी बजावलं होतं, काही खाऊन येऊ नका. आपण कुणी खाल्लंही नव्हतं. नुसती कॉफी घेतली होती, भरपूर साय घालून. कॉफीला या गावात खाणं कुणी कधी म्हटलंय? बाईंनी नळ्या उजेडात धरल्या, तर ज्याचं त्याचं रक्त गढूळ. त्या रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या नळ्यांत रक्त खाली बसलं, वर स्वच्छ पाणी. फक्त माझ्या नातीच्या, हेल्मीच्या नळीत ताकासारखं पांढरं.

हेल्मी तुम्हाला माहीत आहे. मागे दाराशी उभी आहे. वळून बघू नका, तिला आवडत नाही. अंगावर मूठभर मांस नाही, आणि एवढ्या कोवळ्या वयात साखरेचा आजार. पोरगी जेवत नाही, असं तुम्ही सगळे म्हणालात. मी बाईंशी वाद घातला, की हिने गुपचूप साय घेतली असणार. तर हेल्मी म्हणाली, "आजी, घोटभर पाण्यावर आलेय गं. उगाच कॉफीवर ढकलू नकोस."

संध्याकाळी बाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या. कोट न काढताच बसल्या. म्हणाल्या, "आजी, चरबी म्हणजे नुसता भार नाही. खाल्लेलं जपून ठेवायचं कोठार आहे ते. काहींचं भरून ओसंडतं, तेव्हा रोग सुरू होतात. तुमचं मोठं आहे, पण अजून नीट चालतंय. हेल्मीचं कोठारच फार लहान. ठेवायला जागा नाही, म्हणून सगळं रक्तात आणि यकृतात साचतंय."

मी विचारलं, माझ्यातली थोडी तिला देता येईल का?

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येत असती तर तुम्हालाच आधी विचारलं असतं."

ते कोठार शरीराला जो निरोप धाडतं, तो औषध म्हणून सुईने बाहेरून देता येतो म्हणे. पण प्रत्येकाला लागू पडत नाही. हेल्मीला पडेल का, ते तिचं रक्त आणि मांडीतून काढलेला चरबीचा तुकडा सांगणार. तो तुकडा बर्फाच्या डब्यात, बाहेर त्यांच्या गाडीत आहे. मी इथे बोलतेय, पण मघापासून दोनदा खिडकीशी जाऊन आले, ते तुम्ही पाहिलंच. बर्फ टिकेल ना, मिर्या? मान हलवलीत, बरं वाटलं.

बाई, गावात कुणी डॉक्टरने येऊन आमच्या टेबलाशी बसावं, माझ्या पोटाला कोठार म्हणावं, हे सुख मला या वयात मिळालं. कालच नव्याने शिवलेल्या झग्याची शिवण सैल केली, तीही मान ताठ ठेवून. तुमचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द थोडे आहेत, आणि जे आहेत तेही आज धड ओळीने येत नाहीत. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला.

हेल्मी तिकडून खूण करतेय, आजी पुरे. थांबते. डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलंय, उत्तर चांगलं असो की वाईट, टपालाने धाडणार नाही, स्वतः घेऊन येईन. जुहान्नुसच्या, आपल्या भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, शेकोट्या झाल्या की त्याच्या पुढच्या मंगळवारी. मंगळवारी, सकाळच्या गाडीने.